बिऱ्हाड बदलणारी यंत्रे

मराठी माणसाच्या आयुष्यात ‘बिऱ्हाड’ या शब्दाला जे स्थान आहे ते ‘घर’ या शब्दालाही नाही, असे मला पुष्कळदा वाटत आले आहे. कारण घर असते ते मालकाचे, आणि बिऱ्हाड असते ते आज ना उद्या उठावे लागणार हे पक्के ठाऊक असूनही जो खुंट्यांवर कपडे टांगतो, खिडकीत तुळशीची कुंडी ठेवतो आणि दारावर आपल्या नावाची पाटी ठोकतो, त्या माणसाचे. बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग ज्याने एकदा भोगला आहे त्याला हेही ठाऊक असते की कपाटे, पलंग आणि ट्रंका या वजनदार जिनसा हातगाडीवर चढवणे हे त्या कामातले सोपे अंग होय. खरे अडते ते नव्या भिंतीतल्या भोकांत जुन्या दिव्याची पिन बसत नाही तेथे, आणि पोस्टमन पुढे महिनाभर जुन्याच दारी पत्रे टाकीत राहतो तेथे.

हे ज्ञान संगणकासारख्या विषयात कधी उपयोगी पडेल अशी मला कल्पना नव्हती. परंतु गेल्या ज्येष्ठात, एका शनिवारी रात्री, पुण्यातील एका सहकारी संस्थेच्या (जिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही) दुसऱ्या मजल्यावरील थंडगार खोलीत शाल पांघरून आणि स्टुलावर बसून मी एकतीस यंत्रांचे बिऱ्हाड एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाताना पाहिले. त्यांना उचलायला हमाल नव्हते आणि न्यायला टेम्पो नव्हता. जुना वाडा आणि नवा वाडा एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन लोखंडी कपाटांत होते, आणि मधून गेलेल्या दोन निळ्या तारांखेरीज त्या स्थलांतराची कोणतीही खूण डोळ्यांना दिसत नव्हती. काम ज्या मंडळींकडे होते त्यांचा मुख्य माझा भाचा. ‘मामा, तुम्ही झोपाल,’ असे त्याने मला आधीच बजावले होते. मी झोपलो नाही, याचे श्रेय विषयाला द्यावे की वातानुकूलनाला, हे सांगणे कठीण आहे.

एकतीस यंत्रे म्हटले तरी धातूची, वजनाची आणि पंख्यांचा आवाज करणारी यंत्रे जुन्या बाजूस तीन आणि नव्या बाजूस तीन इतकीच होती. हलवायची ती एकतीस सारी ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्रे. धंद्यातली माणसे त्यांना नुसते ‘व्हीएम’ म्हणतात. धातूच्या एका यंत्रात अशी दहा-बारा व्हीएम नांदतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाची अशी श्रद्धा असते की हा प्रोसेसर माझा, ही मेमरी माझी, ही डिस्क माझी आणि नेटवर्कच्या तारेवर मी एकटाच बसलो आहे. वेदान्त्यांना येथे रज्जुसर्पन्याय आठवेल. मला मात्र नारायण पेठेतला वाडा आठवला, ज्यात प्रत्येक बिऱ्हाड आपल्या दोन खोल्यांपुरते सार्वभौम असते आणि पाण्याचा नळ मात्र सर्वांत मिळून एक असतो. हा नळ कोणाला किती वेळ सोडायचा याचा बंदोबस्त जो करतो, त्या प्रणालीचे नाव ‘हायपरव्हायजर’. संगणकाच्या जुन्या परिभाषेत यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला ‘सुपरव्हायजर’ म्हणत; आता अशा अनेक कारभाऱ्यांवर आणखी एक अधिकारी नेमायचा तर त्याला ‘सुपर’च्या वरची पदवी हवी, म्हणून ‘हायपर’. पेशवाईच्या दप्तरात या दोन हुद्द्यांना तयार नावे सापडतात: सुभेदार आणि सरसुभेदार.

ही कल्पना पुष्कळांच्या समजुतीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. त्या काळी एका संगणकाची किंमत अशी असे की तो विकत घेणाऱ्या संस्थेला त्याच्यासाठी स्वतंत्र इमारतीची तजवीज करावी लागे, आणि तरीही त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची इच्छा हीच असे की हे यंत्र संपूर्णपणे आपल्या एकट्याच्या स्वाधीन असावे. रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी यांनी या हट्टाला असे उत्तर दिले की ज्याला यंत्र हवे त्याला यंत्रच द्यावे, मात्र ते खरे देऊ नये. त्यांची सीपी-४० ही व्यवस्था जानेवारी १९६७ पासून कामाला लागली. एका यंत्राच्या पोटात ती चौदा यंत्रे चालवी. तिचीच वंशज असलेली व्हीएम/३७० आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी बाजारात जाहीर केली.

या युक्तीचे शास्त्र १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी मांडले, आणि ते इतके स्वच्छ मांडले की आजही त्या विषयातला कोणताही वाद त्यांच्या निबंधापाशी येऊन थांबतो. त्यांनी घातलेल्या अटी तीन. आभासी यंत्रात चालणारा कार्यक्रम खऱ्या यंत्रात जसा वागला असता तसाच वागला पाहिजे. साधनसामग्रीवरचा अंतिम अधिकार सरसुभेदाराच्याच हाती राहिला पाहिजे. आणि सामान्य सूचना त्याच्या मध्यस्थीवाचून थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, एरवी सारा कारभार दिरंगाईत बुडेल. यासाठी प्रोसेसरमध्ये एक गुण हवा: सुभेदाराने आपल्या अधिकाराबाहेरचा हुकूम सोडला की त्याची वर्दी ताबडतोब वर गेली पाहिजे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत अशी सोय होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरवर पुढे जगातले बहुतेक संगणक चालले, त्यांच्यात ती पुरती नव्हती. तेथल्या अशा सतरा सूचना दोन संशोधकांनी २००० साली मोजून दाखवल्या की ज्या अनधिकाराने दिल्या असता वर्दीही जात नाही. त्यांपैकी ‘पॉप-एफ’ या सूचनेची तऱ्हा तर विलक्षण आहे: सुभेदार सनद लिहितो, शिक्का मारतो, सनद अमलात येत नाही, आणि ती अमलात आली नाही हे कोणी त्याला सांगतही नाही.

सुभेदाराचे प्रत्येक पत्र दारातून बाहेर पडण्यापूर्वी वाचून, त्यातली अडचणीची वाक्ये बदलून मग पुढे पाठवावीत, असा मार्ग व्हीएमवेअर या कंपनीने काढला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे पहिले उत्पादन पुढच्याच वर्षी बाजारात आले. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ साली ‘झेन’ नावाचा हायपरव्हायजर सादर केला, त्याची नीती उलट होती: पत्रे चोरून वाचण्यापेक्षा सुभेदारालाच विश्वासात घ्या, त्याला सांगून टाका की बाबा रे, तू सार्वभौम नाहीस, तेव्हा अमुक कामासाठी सरळ आमच्याकडे अर्ज कर. पुढे २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच वर्दीची सोय केली, आणि ज्या कामासाठी विद्वानांची आयुष्ये वेचली गेली होती ते एकाएकी थोडक्यात होण्यासारखे झाले. इस्रायलमधल्या कुमरानेट या लहानशा कंपनीतील अवी किविती यांनी लिहिलेला ‘केव्हीएम’ हा त्याचाच पुरावा होय. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याची पहिली वार्ता आली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्टही झाला. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ चा.

प्रोसेसरची अडचण अशी सुटली. परंतु बिऱ्हाड हलवण्याची जी अडचण मी त्या रात्री पाहिली तिचे बीज नेमके येथेच आहे. प्रोसेसर खरा वापरता आला तरी डिस्क आणि नेटवर्कचे कार्ड यांचे सोंग आणावेच लागे, आणि बाजारातल्या एखाद्या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करणे हे फार संथ काम असे. तेव्हा प्रत्येक घरमालकाने, म्हणजे हायपरव्हायजरच्या कर्त्याने, झेनचीच नीती या खात्यात उचलली: नक्कल सोडून दिली, खऱ्या बाजारात कधीच न विकली गेलेली अशी आपल्या घरची उपकरणे कल्पिली, आणि पाहुण्याच्या, म्हणजे आतल्या आभासी यंत्राच्या, पोटात त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे हाताळणारे कार्यक्रम, घातले. व्हीएमवेअरचे कार्ड ‘व्हीएमएक्सनेट-थ्री’, केव्हीएमची ‘व्हर्टआयओ’, मायक्रोसॉफ्टची आणखी तिसरीच. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची पहिली अट अशी होती की पाहुण्याला घर परके आहे हे कळण्याचे कारण पडू नये. वेगाच्या लोभाने आपण पाहुण्याला घरातली एकेक खुंटी दाखवून ठेवली. तो जितका चपळ झाला तितका घरमालकाच्या रीतिभातींत मुरला, आणि जितका मुरला तितका उठण्याला जड झाला.

व्हर्टआयओ हा प्रकार रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने मुळात याच दुखण्यावर उतारा म्हणून सुचवला होता; सर्व हायपरव्हायजरांनी एकच कल्पित उपकरण मानावे, म्हणजे पाहुण्यांना निरनिराळे ड्रायव्हर लागणार नाहीत. २०१६ साली त्याला रीतसर मानकाचा दर्जाही मिळाला. पण मोठ्या घरमालकांनी आपापल्या खुंट्या काढल्या नाहीत, आणि त्यांनी त्या का काढाव्यात हे विचारणेही भाबडेपणाचे होईल.

घरमालकांचा विषय निघालाच आहे, तर हे स्थलांतर आजच एवढ्या जोराने का चालले आहे तेही सांगितले पाहिजे. वीस वर्षे या मुलुखात व्हीएमवेअर हाच मोठा जमीनदार होता. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम या कंपनीने सुमारे ६९ अब्ज डॉलरांना तो विकत घेतला, आणि पुढच्याच महिन्यात जाहीर केले की यापुढे कायमचे परवाने विकले जाणार नाहीत. ज्याला राहायचे त्याने मुदतीची वर्गणी भरून राहावे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातले मर्म एका शब्दात कळेल: पागडी बंद झाली. एकदा रक्कम मोजून पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यात राहण्याची जी सवय होती ती संपली, आणि दरसाल करारनामा नव्याने लिहिण्याचे दिवस आले. ज्यांनी जुने परवाने घेतले होते त्यांना कोणी बाहेर काढले नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे; मात्र डागडुजीची हमी म्हणून जो वार्षिक करार असे तो जुन्या स्वरूपात मिळेनासा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट मिळणारी धाकटी आवृत्तीही बंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा देऊ केली गेली. मालकाने आपल्या मालमत्तेचे भाडे किती घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे, आणि भाडेकरूने सामान बांधावे की नाही हा त्याचा. सामान बांधणाऱ्यांसाठी मात्र नव्या चाळी लगोलग सजल्या: व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये व्हीएमवेअरकडची यंत्रे परस्पर आत ओढून घेण्याची सोय केली, मायक्रोसॉफ्ट, न्यूटॅनिक्स, रेड हॅट यांची दारेही उघडीच होती. आमच्या संस्थेने प्रॉक्समॉक्सची चाळ पसंत केली होती. तिच्या पायात केव्हीएमच आहे.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. आभासी यंत्र म्हणजे शेवटी काय, असे भाच्याला विचारले तेव्हा त्याने पडद्यावर एक फोल्डर उघडून दाखवला. त्यात यंत्राचे वर्णन करणारी एक मजकुराची फाइल होती, मेमरी किती, प्रोसेसर किती, कार्डे कोणती. आणि यंत्राची डिस्क म्हणून एक अवाढव्य फाइल. व्हीएमवेअरच्या घरी डिस्कच्या याही दोन फाइली असतात: एक थोड्या ओळींचा दाखला, ज्याच्या शेवटी ‘व्हीएमडीके’ हे उपनाम लागते, आणि दुसरी सारा माल भरलेली कोठी. दाखला हरवला तर कोठी असूनही यंत्र उठत नाही. सात-बारा हरवलेल्या जमिनीसारखी तिची स्थिती होते. मायक्रोसॉफ्टच्या घरी डिस्कला ‘व्हीएचडीएक्स’ म्हणतात, केव्हीएमच्या घरी ‘क्यूकाऊ-टू’. यांतल्या एकाचे दुसरे करण्यासाठी ‘क्यूईएमयू’ या प्रकल्पातले एक लहानसे अवजार आहे. आज्ञा एका ओळीची आहे, आणि ती दिली की माणसाला बसून राहण्यावाचून उद्योग नसतो.

येथे मला भारत इतिहास संशोधक मंडळात बसून मोडी कागद बालबोधीत उतरवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची आठवण झाली. ते म्हणत, लिपी बदलणे हे कारकुनी काम. कागद समजणे निराळे. अक्षर न् अक्षर बरोबर उतरले तरी ‘कित्ता’ कोठे संपला आणि ‘पैकी’ कोठून सुरू झाले हे ज्याला कळत नाही त्याला हिशेब लागत नाही. डिस्कची फाइल बदलणे हेही नुसते लिप्यंतर आहे. आतला मजकूर जसाच्या तसा, बिट न् बिट नव्या घरी येतो, आणि हीच अडचणीची गोष्ट आहे. कारण त्या मजकुरात जुन्या घराच्या खुंट्याही जशाच्या तशा येतात.

रात्री दीड वाजेपर्यंत काम कसे झाले ते सांगण्यासारखे काही नाही. यंत्रांची फेरिस्त भिंतीवर चिकटवली होती, एकेकावर खूण होत होती. निघण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचे ‘स्नॅपशॉट’ एकत्र करून टाकायचे असतात. हे स्नॅपशॉट म्हणजे चूक झाली तर मागे फिरता यावे म्हणून जपलेल्या मागच्या अवस्था, आणि पुष्कळ ठिकाणी ते वर्षानुवर्षे विसरून गेलेले असतात, एकावर एक, गाठोड्यावर गाठोडे. लिनक्सची यंत्रे ‘व्हर्ट-व्हीटूव्ही’ नावाच्या अवजाराने नेली, जे झोपलेल्या यंत्राच्या पोटात शिरून नव्या घराचे ड्रायव्हर आधीच ठेवून येते. दोन लिनक्स यंत्रे उठली, पण मुकी उठली. जुन्या घरी त्यांच्या नेटवर्कच्या दाराचे नाव ‘ईएनएस-१९२’ होते, आणि पत्ता त्या दाराच्या नावावर लिहिलेला होता. नव्या घरी दाराचे नाव ‘ईएनएस-१८’ पडले. दार होते, पत्ता होता, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध उरला नव्हता. नाव बदलून लिहिले आणि ती बोलू लागली. भाच्याने याला अडचण म्हणण्यास नकार दिला.

अडचण आली ती पावणेदोन वाजता, फेरिस्तीतल्या सव्विसाव्या यंत्रापाशी. हे विंडोज सर्व्हर २००८ आर-टू या आवृत्तीवरचे जुने यंत्र. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल जानेवारी २०२० मध्येच थांबवली असली, तरी त्यावर संस्थेच्या जुन्या ठेवींच्या हिशेबाचा एक कार्यक्रम होता, जो लिहिणारा माणूस निवृत्त होऊन आता कोकणात आंब्यांची बाग पाहतो असे कळले. हे यंत्र घाईत कोणीतरी नुसतेच लिप्यंतर करून आणले होते. ते चालू केले. पांढरी पट्टी सरकली, क्षणभर खिडकीचे चिन्ह उमटले, आणि मग तो निळा पडदा आला, ज्याच्या तळाशी ‘सेव्हन-बी’ हा आकडा होता. त्या आकड्याचा अर्थ: ज्या डिस्कवरून मी उठलो ती मला सापडत नाही. वाचकाला यातला विरोध जाणवावा म्हणून किंचित विस्ताराने सांगतो. यंत्र उठते तेव्हा पहिली काही पावले ते घरमालकाच्या बोटाला धरून टाकते, आणि तोवर डिस्क त्याला दिसत असते. मग ते बोट सोडून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क धरू पाहते, आणि तो ड्रायव्हर जुन्या घरच्या उपकरणाचा असतो. नव्या घरचा ड्रायव्हर घालावा, तर तो घालण्यासाठी यंत्र उठलेले हवे. आणि यंत्र उठण्यासाठी तो ड्रायव्हर आधी आत हवा. किल्ली घरात राहून दार लागले, असा हा प्रकार.

यावर त्या मंडळींनी केलेली युक्ती मला त्या रात्रीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. यंत्राची डिस्क ‘आयडीई’ या अतिप्राचीन, संथ, पण विंडोजला आजोळच्या वाटेसारख्या परिचित असलेल्या जोडणीवर लावली. तिच्याबरोबर एक गिगाबाइटची एक रिकामी डिस्क, जिच्यात काहीही ठेवायचे नाही अशी, नव्या व्हर्टआयओ जोडणीवर लावली. यंत्र रखडत का होईना, उठले. त्याने ती रिकामी डबी पाहिली आणि हे कोणते नवीन उपकरण म्हणून ड्रायव्हर मागितला. तो दिला. (या आवृत्तीला चालणारा जुना ड्रायव्हर हुडकण्यात वीस मिनिटे गेली.) आता नव्या खुंटीची ओळख त्याच्या दप्तरात नोंदली गेली. यंत्र पुन्हा झोपवले, रिकामी डबी काढून टाकली, खरी डिस्क त्या नव्या जोडणीवर लावली, आणि ते असे उठले की जणू जन्मापासून तेथेच राहत होते.

चहाच्या वेळी मी एक भाबडा प्रश्न विचारला. यंत्रे चालू असतानाच एका पेटीतून दुसरीत जातात असे मी कोठेसे वाचले होते. मग ही निजानीज कशासाठी? भाचा म्हणाला, ‘मामा, जातात की. पण एकाच मालकाच्या चाळीत.’ व्हीएमवेअरने २००३ मध्ये ही करामत बाजारात आणली, आणि झेनच्या मंडळींनी २००५ मध्ये तिची रीत उलगडून लिहिली. बिऱ्हाडातली माणसे स्वयंपाक करीतच आहेत आणि तुम्ही भांडी हलवू लागता. सगळी भांडी एकदा नेऊन होतात तोवर त्यांतली काही जुन्या घरी पुन्हा खरकटी झालेली असतात, म्हणून तेवढी पुन्हा नेता. त्या अवधीत आणखी थोडी. असे करता करता उरलेली संख्या इतकी थोडी होते की क्षणभर ‘हात थांबवा’ म्हणून माणसांसकट ती शेवटची भांडी उचलता येतात. त्या निबंधात ‘क्वेक-थ्री’ या लढाईच्या खेळाचे यंत्र खेळाडू खेळत असताना हलवून दाखवले आहे, आणि हात थांबवण्याचा तो क्षण साठ मिलिसेकंदांचा भरला होता. कोणाच्या नेमात चूक झाली नाही. परंतु यात भांड्यांबरोबर हातांच्या सवयीही जातात. चालत्या यंत्राच्या मेमरीत त्याचे अर्धवट संभाषण असते, ‘व्हीएमएक्सनेट-थ्री’ कार्डाशी चाललेले. नव्या मालकाच्या घरी ते कार्डच नाही, तेव्हा वाक्य कोणाशी पुरे करावयाचे? इंटेल आणि एएमडी यांच्या पेट्यांमध्ये, मालक एक असूनही, हीच पंचाईत होते. म्हणून परक्या घरी जाताना यंत्राला निजवावे लागते. निजेचा काळ तेवढा कमी करता येतो: यंत्र चालू असतानाच डिस्कचा मोठा भाग आधी नेऊन ठेवायचा, नंतर बदललेल्या तुकड्यांची नोंद ठेवायची, आणि शेवटी निजवून फक्त तेवढेच न्यायचे. ठेवींचा मोठा डेटाबेस त्यांनी असाच नेला. गुरुवारपासून तो हळूहळू येत होता.

याच चहावर मला घड्याळाची कथा कळली. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी या मंडळींनी, दारावर ओळख पटवून सर्वांना आत सोडणारे जे विंडोज यंत्र असते, तेच पहिल्या रात्री हलवले होते. विंडोजची समजूत अशी की यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ असते. नव्या घरमालकाला तसे बजावलेले नसेल तर तो घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवून देतो. त्यामुळे सकाळी साडेअकराला ते यंत्र उठले ते सहा वाजले असे समजून. विंडोजच्या जगात दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक तफावत दिसली तर, वेगळा हुकूम नसल्यास, हा द्वारपाल ओळख नाकारतो. येथे तर साडेपाच तासांची होती. परवलीचा शब्द बरोबर सांगूनही एकालाही आत जाता येईना, आणि दोन तास सर्वजण परवलीचे शब्द बदलण्यात गुंतले होते. एकोणचाळीस मिनिटांच्या फरकाने शेजारी-शेजारी नांदणारी ‘मुंबई वेळ’ आणि प्रमाणवेळ ज्या शहराने गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सुखाने चालवून घेतली, तेथल्या माणसाला यंत्रांचा हा हटवादीपणा पाहून हसू यावे. भाचा हसला नाही. त्याच्या फेरिस्तीत तेव्हापासून पहिल्या ओळीत ‘घड्याळ’ असा शब्द आहे.

मूळ उपकरणांची यादी तरी सर्वांना वाचता यावी म्हणून या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांनी मिळून ‘ओव्हीएफ’ नावाचे एक समाईक वर्णनपत्र ठरवले होते, आणि २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्काही मिळाला. ते कितपत उपयोगी पडते, असे मी विचारले. पडते, पण त्यात सामानाची यादी असते, सवयींची नसते, असे उत्तर मिळाले. जुना मालक आपल्या उपकरणांची नावे आपल्याच बोलीत लिहितो, आणि नवा ती वाचून आपल्याजवळ असलेले त्यातल्या त्यात जवळचे काहीतरी पुढे करतो. डिस्कवर कुलूप असेल आणि त्याची किल्ली जुन्या घराच्या आभासी तिजोरीत असेल तर वेगळेच प्रकरण होते. सुदैवाने येथे तसे काही नव्हते.

पहाटे साडेचारला फेरिस्तीतली एकोणतीस यंत्रे नव्या घरी नांदू लागली होती. दोन मुद्दाम मागे ठेवली. त्यांच्या विक्रेत्याची लेखी संमती यायची होती. अठ्ठाविसाव्या यंत्रावरचा पगारपत्रकाचा कार्यक्रम उठल्याबरोबर परवाना मागू लागला, कारण आपला परवाना त्याने नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधून ठेवला होता, आणि व्हीएमवेअरच्या घरी ००-५०-५६ ने सुरू होणारा तो क्रमांक नव्या घरी बदलून गेला होता. भाच्याने नव्या घराच्या नोंदवहीत त्या यंत्रापुढे जुनाच क्रमांक लिहून टाकला. कार्यक्रम शांत झाला. म्हणजे नव्या चाळीच्या दारावर जुन्या वाड्याच्या घरनंबराची पाटी, आणि पोस्टमनची तक्रार नाही.

रखवालदारकाकांनी तळमजल्यावरून दुसरा चहा आणला तेव्हा एकच किरकोळ काम राहिले होते: सव्विसाव्या यंत्रातून व्हीएमवेअर टूल्स काढून टाकणे. हा जुन्या मालकाने पाहुण्याच्या घरात नेमून ठेवलेला कारभारी. नव्या घरी त्याला काही काम नसते. पण त्याला निरोप द्यायचा तो जुन्या घरातून निघण्यापूर्वी, आणि ते सव्विसाव्याच्या बाबतीत राहून गेले होते. भाच्याने ‘काढून टाका’ यावर बोट ठेवले. कारभाऱ्याने आसपास पाहिले, आपले जुने घर त्याला दिसले नाही, आणि त्याने पडद्यावर अशा अर्थाचा नकार लिहिला की हे काम फक्त आभासी यंत्राच्या आतच करता येते. भाच्याने तो दोनदा वाचला, चौकट बंद केली आणि फेरिस्तीच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिले: ‘२६: टूल्स. सोमवारी.’